यंत्राचे परसदार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार चळवळीतला हा मनुष्य मजुरीवर, बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मी त्यांना सांगितले, “कन्सोल सर्व्हरच्या सिरियल पोर्टांची मांडणी आणि दुरून त्यांच्यापर्यंत पोचण्याची रीत, ह्यावर बोलेन.” पलीकडे फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग चिटणीसांनी विषय पुन्हा एकदा लिहून घेतला. त्यांचे नवल मी समजू शकतो. पण आज मी बोलणार आहे तो कामगारांचाच विषय आहे. तो फक्त एका लोखंडी पेटीच्या मागच्या बाजूने सुरू होतो, इतकेच.

माझी शाळा दहावीला सुटली. पुढे एका वायरमनच्या हाताखाली काम केले आणि मग युनियनचे काम गळ्यात पडले ते आजतागायत. इंजिनियरिंगचा एकही वर्ग मी पाहिलेला नाही. ह्या विषयातले जे काही मला कळते, ते रात्रपाळीच्या पोरांनी चहाच्या टपरीवर मला समजावून सांगितले आणि उरलेले मी शब्दकोश शेजारी ठेवून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांतून वाचून काढले. तेव्हा माझ्या सांगण्यात पांडित्य सापडणार नाही. पण जे सांगेन ते पडताळून सांगेन.

एका ओळीसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पूर्वी रासायनिक कारखाने होते. त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे ह्या बाजूला, आज खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपण बँकेचे पैसे मोबाइलवरून पाठवता, तिकीट काढता, मुलाचा निकाल पाहता, तेव्हा त्यामागचे काम अशाच इमारतींतल्या संगणकांवर चाललेले असते. तिथे मांडणीवर मांडणी रचून हजारो यंत्रे ठेवलेली असतात आणि त्यांची देखभाल करणारी पोरे बहुतेक कंत्राटी असतात.

२०२३ सालच्या जुलैतली गोष्ट. आमचा एक सभासद दिवसपाळी करून घरी निजला होता. रात्री दोन वाजता त्याला फोन आला. कोणीतरी दुरून एका स्विचची मांडणी बदलताना चूक केली होती आणि त्या स्विचचा नेटवर्कशी असलेला संबंधच तुटला होता. चूक सुधारायला एक ओळ टाइप करायची होती. पण ज्या वाटेने ती ओळ पाठवायची, ती वाटच बंद झाली होती. “जाऊन टाइप करून ये,” असा हुकूम झाला. पोरगा भर पावसात मोटारसायकल घेऊन निघाला. पाण्याखालचा खड्डा त्याला दिसला नाही. उजव्या पायाची दोन हाडे मोडली. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, एकच ओळ होती हो.”

ह्या गोष्टीतला खरा पेच पुढे आहे. तो कळण्यासाठी आधी यंत्राला दारे किती असतात ते पाहिले पाहिजे.

पुढचे दार आणि परसदार

वाड्याला जसे पुढे मोठे दार असते आणि मागे विहिरीकडे उघडणारे परसदार असते, तशीच ह्या यंत्रांची रचना आहे. पुढचे दार म्हणजे नेटवर्क. सगळी वर्दळ तिथून चालते. परंतु राउटर, स्विच, मोठे संगणक ह्यांना बहुधा आणखी एक लहानसे छिद्र असते. त्याला कन्सोल पोर्ट म्हणतात आणि तो बहुधा सिरियल पोर्ट असतो. सिरियल म्हणजे एकामागून एक. ह्या वाटेने अक्षरे रांगेने, एकेक खूण करीत जातात. वेग नेटवर्कच्या मानाने अगदी मुंगीचा. पण ह्या मुंगीचा गुण असा की, नेटवर्क पार कोलमडले तरी ती चालते. यंत्र नुकते जागे होत असते, त्याला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो, तेव्हासुद्धा ते ह्या छिद्रातून बोलते आणि ऐकते.

ही बोली फार जुनी आहे. खुणा पाठवण्याच्या वेगाला ‘बॉड’ म्हणतात, तो शब्द एमिल बॉदो ह्या फ्रेंच माणसाच्या नावावरून आला. बॉदो १८४५ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे शालेय शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले होते. पुढे तो तारखात्यात नोकरीला लागला आणि पाच खुणांत एक अक्षर बसवणारी त्याची पद्धत १८७४ साली पेटंट झाली. माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला ह्या माणसाविषयी विशेष आपुलकी वाटते, हे कबूल केले पाहिजे. पुढे टेलिप्रिंटर आले. १९६० साली अमेरिकेत ‘आरएस-२३२’ हे जोडणीचे प्रमाण ठरले आणि १९६३ साली अक्षरांचे ‘आस्की’ हे कोष्टक आले. आपल्या देशातली तारसेवा २०१३ सालच्या जुलैत बंद झाली. तार गेली, पण तारेची बोली गेली नाही. आजच्या नव्याकोऱ्या यंत्राच्या पाठीमागे ती अजून नांदते आहे.

परसदार नसले म्हणजे काय होते

कोणी विचारील की, नेटवर्क असे कितीदा पडते? त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ह्याचे उत्तर दोन मोठ्या घटनांत आहे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या सगळ्या वाटा तुटल्या. कंपनीने नंतर जो खुलासा केला त्यात असे सांगितले की, नेहमीची वाट आणि अडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाट, दोन्हीही बंद होत्या. म्हणून इंजिनियरांना प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले. तिथली सुरक्षाव्यवस्था कडक असल्यामुळे आत शिरून यंत्रावर काम सुरू करण्यातही वेळ गेला.

दुसरी घटना कॅनडातली. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स ह्या कंपनीचे जाळे कोसळले आणि सव्वा कोटीच्या घरातल्या ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले. संकटकाळच्या ९११ ह्या क्रमांकावर मदत मागण्यातही लोकांना अडथळे आले. पुढच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की, यंत्रांची देखभाल करण्याचे जे जाळे होते ते त्या मुख्य जाळ्यावरच अवलंबून होते. मुख्य जाळे पडले तसे देखभालीचेही पडले आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधायलाच सुमारे चौदा तास लागले.

म्हणजे परसदार होते. पण ते पुढच्या ओसरीतच उघडत होते! अशा दाराचा उपयोग काय? परसदाराची वाट वेगळ्या गल्लीतून आली पाहिजे, हा पहिला नियम आपण इथेच लक्षात ठेवू.

पेटी म्हणजे काय

एका यंत्राचे परसदार उघडायचे तर लॅपटॉप आणि तार घेऊन त्याच्यापाशी जाऊन उभे राहावे लागते. यंत्रे पन्नास असली आणि ती चार गावांत असली म्हणजे हे जमत नाही. म्हणून कन्सोल सर्व्हर ही पेटी निघाली. तिच्या पाठीवर आठ, सोळा, बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस सिरियल पोर्ट असतात. प्रत्येक पोर्टातून एक तार निघून एकेका यंत्राच्या कन्सोलला लागते. पेटीच्या दुसऱ्या अंगाला नेटवर्कची तार असते आणि बहुधा मोबाइलच्या सिमकार्डाची सोय असते. दूर बसलेला माणूस पेटीशी नेटवर्कने बोलतो आणि पेटी त्याचे बोलणे यंत्राला सिरियल बोलीत सांगते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई जसा एकाचा आवाज दुसऱ्याच्या तारेला जोडून देई, तसेच हे काम आहे. अशी पेटी विकतच घेतली पाहिजे असेही नाही. लहानसा संगणक, यूएसबीला लावायच्या सिरियल तारा आणि ‘सरटूनेट’ नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम एवढ्यावर आमच्या एका सभासदाने घरी ती बांधून मला दाखवली.

करारातली पाच कलमे

आता पोर्टाची मांडणी. मालक आणि कामगार ह्यांच्यात करार होतो तेव्हा दोघांच्या हातातल्या प्रतींत एकच मजकूर असावा लागतो. एका प्रतीत एक आकडा आणि दुसरीत दुसरा असेल, तर उद्या भांडण ठरलेले. सिरियल जोडणीचेही नेमके तसेच आहे. दोन टोके एकमेकांना विचारून काही ठरवीत नाहीत. दोन्ही टोकांना माणसाने आधीच तीच कलमे लिहून द्यावी लागतात. कलमे पाच आहेत.

पहिले कलम गतीचे. एका सेकंदात किती खुणा जाणार? पुष्कळ राउटर आणि स्विच ९६०० वर बोलतात. पुष्कळ नवी यंत्रे १,१५,२०० वर बोलतात. एक टोक एका गतीने बोलले आणि दुसरे दुसऱ्या गतीने ऐकू लागले, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडतो. पाहणाऱ्याला वाटते की यंत्र बिघडले. यंत्र शहाणेच असते. आपले ऐकणे चुकलेले असते.

दुसरे कलम अक्षराच्या लांबीचे. आज बहुतेक ठिकाणी एक अक्षर आठ खुणांचे धरतात, काही जुन्या यंत्रांत सातांचे.

तिसरे कलम पॅरिटीचे. अक्षर वाटेत बिघडले काय हे ओळखण्यासाठी एक जादा खूण जोडण्याची ही पद्धत आहे. आज बहुधा ती ठेवीत नाहीत. गती चुकली तर सगळाच गोंधळ दिसतो. पण अक्षराची लांबी आणि पॅरिटी चुकली तर काही अक्षरे बरोबर आणि काही भलतीच, असा प्रकार दिसतो. हा फरक ओळखता आला की निम्मे निदान झाले.

चौथे कलम शेवटच्या खुणेचे. प्रत्येक अक्षराआधी ‘आता अक्षर येते आहे’ अशी एक खूण जाते आणि संपल्यावर ‘अक्षर संपले’ अशी. ही शेवटची खूण बहुधा एकच ठेवतात. म्हणजे आठ खुणांच्या अक्षराला एकंदर दहा खुणा लागतात आणि ९६०० च्या गतीने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. माणसाच्या वाचण्याला तेवढी पुष्कळ झाली.

पाचवे कलम प्रवाह आवरण्याचे. ऐकणाऱ्याला दम लागला तर त्याने ‘थांब’ म्हणायचे की नाही, आणि म्हणायचे तर वेगळ्या तारेवरून की अक्षरातून? कन्सोलसाठी हे आवरण बहुधा बंद ठेवतात. एका टोकाला ते चालू राहिले आणि त्याची तार जोडलेलीच नसली, तर मोठा चमत्कारिक प्रकार होतो: यंत्र बोलते ते आपल्याला दिसते, पण आपण टाइप केलेले त्याच्यापर्यंत जात नाही. आपले टोक परवानगीची वाट पाहत बसलेले असते आणि परवानगी देणारी तारच नसते! आमच्या चळवळीत असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत.

ह्या पाचांखेरीज तारेचा विचार करावा लागतो. किमान तीन तारा लागतात: बोलण्याची, ऐकण्याची आणि दोघांना समान अशी जमिनीची. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लागले पाहिजे. तोंडाला तोंड आणि कानाला कान लावला, तर दोघेही शहाणे असून संभाषण शून्य. पेटीचा आणि यंत्राचा प्लग सारखा दिसला तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक निराळा असतो, म्हणून माहितीपुस्तिकेतले चित्र पाहूनच तार निवडावी. काही पेट्यांत ही अदलाबदल सेटिंगमधूनही करता येते.

आणि एक साधी गोष्ट. सगळे बरोबर असूनही पडदा कोरा दिसला तर घाबरू नये. एकदा एंटर दाबावे. पुष्कळ यंत्रे आपण हाक मारल्याखेरीज बोलत नाहीत. तरीही कोराच राहिला, तर त्या यंत्राला कन्सोलवर बोलण्याची आज्ञा मुळात दिली आहे की नाही ते पाहावे; मोठ्या संगणकांत ती पुष्कळदा वेगळी द्यावी लागते.

पेटी बिघडली होती काय?

आता त्या पोराच्या गोष्टीकडे वळतो. अपघातानंतर आम्ही चौकशीची मागणी केली. तेव्हा आम्हाला कळले की, त्या जागी कन्सोल सर्व्हर होता. दोन वर्षे होता! आणि तो स्विच त्याला जोडलेलाही होता. मग पोराला रात्री का धाडले? नोंदवहीत शेरा होता: ‘सातवा पोर्ट बिघडला आहे.’

आमच्या आग्रहावरून एका जुन्या रात्रपाळीच्या सभासदाला ती पेटी तपासू देण्यात आली. त्याने पोर्ट उघडला. पडद्यावर चिन्हांचा सडा. त्याने सेटिंग पाहिले: गती ९६००. अपघाताच्या दोन महिने आधी जुना स्विच काढून नवा बसवला होता आणि तो १,१५,२०० वर बोलत होता. स्विच बदलणाऱ्याने तार पुन्हा लावली, पण पेटीतला आकडा बदलला नाही. आमच्या माणसाने आकडा बदलला, एंटर दाबले आणि स्विचने स्वच्छ अक्षरांत स्वतःचे नाव सांगून पासवर्ड विचारला. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत.

श्रोतेहो, त्या पोराचा पाय पावसाने मोडला नाही, खड्ड्यानेही मोडला नाही. तो करारातल्या एका चुकलेल्या आकड्याने मोडला. आणि ज्याने कोणी ‘बिघडला आहे’ असा शेरा मारून वही मिटली, त्याच्या अनास्थेने मोडला. जे दार आपण कधी उघडून पाहत नाही, ते दार नव्हे. ते भिंतीवर काढलेले दाराचे चित्र आहे.

दुरून पोचण्याची वाट

पोर्ट बोलू लागला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे दूरच्या माणसाला तिथवर सुरक्षित आणणे.

प्रथम प्रत्येक पोर्टाला नाव द्यावे. ‘पोर्ट सात’ हे नाव नव्हे. कोणत्या मजल्यावरच्या, कोणत्या मांडणीतल्या, कोणत्या यंत्राचा हे नावातच यावे आणि तेच नाव तारेच्या दोन्ही टोकांना चिकटवावे. रात्री दोनला डोळ्यांवर झोप असते. चुकीच्या यंत्राला दिलेली बरोबर आज्ञासुद्धा घात करते.

मग नेटवर्कवरून शिरण्याची रीत. जुनी रीत टेलनेटची. तिच्यात पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. १९९५ साली फिनलंडमधल्या तातू युलोनेन ह्याने एसएसएच ही बंद लिफाफ्याची रीत काढली. टेलनेट बंद करावे आणि एसएसएच चालू ठेवावे. पुष्कळ पेट्यांत प्रत्येक सिरियल पोर्टाला नेटवर्कवरचा एक क्रमांक असतो, जसे पहिल्याला ३००१, दुसऱ्याला ३००२. त्या क्रमांकावर शिरले की थेट त्या यंत्रासमोर उभे राहता येते. पेटीबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो जगाला ठाऊक असतो. ह्या पेटीची किल्ली म्हणजे पन्नास घरांच्या परसदारांची किल्ली आहे, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट वेगळ्या गल्लीची. पेटीला मुख्य जाळ्याखेरीज दुसरी वाट हवी. बहुधा ती मोबाइलच्या सिमकार्डाने देतात आणि सिम दुसऱ्या कंपनीचे घेतात. पण मोबाइल कंपन्या बहुधा सिमला बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता देत नाहीत. म्हणून पेटीनेच आतून बाहेर हाक मारून व्हीपीएनचा बंदिस्त बोगदा उभा करून ठेवावा, अशी व्यवस्था करतात. पेटीची वीजही वेगळ्या बॅकअपवर असावी. ज्याला इतरांना उठवायचे, तो त्यांच्याबरोबरच निजून चालत नाही.

चौथी गोष्ट पुष्कळ जाणतेही विसरतात. मोठ्या कंपन्यांत सर्वांचे पासवर्ड एका मध्यवर्ती यंत्रावर तपासले जातात. रोजच्या कामाला ते उत्तम. पण जाळे पडले म्हणजे पेटीला ते यंत्र गाठता येत नाही आणि मग खऱ्या माणसालाही ती आत घेत नाही. म्हणून एक खाते पेटीतच ठेवावे, त्याचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा आणि वापरला की बदलावा.

पाचवी गोष्ट बाहेर पडण्याची. नेटवर्कवरचा माणूस निघून गेला तरी सिरियल तारेला ते बहुधा कळत नाही. एकाने सर्वाधिकाराने शिरून काम केले आणि यंत्रातून रीतसर बाहेर न पडता खिडकी मिटली, तर पुढे त्या पोर्टावर येणारा आयताच त्याच्या गादीवर बसतो. म्हणून यंत्राला आणि पेटीला दोघांनाही सांगून ठेवावे की, दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही तर दार लावून घे. तसेच ‘ब्रेक’ नावाचा संकेत पाठवण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा. सन कंपनीचे जुने संगणक कन्सोलवर हा संकेत आला की चालते काम टाकून जागच्या जागी थांबत, आणि कधी कधी पेटी नुसती बंद-चालू केल्यानेही तो संकेत जाई.

सहावी आणि शेवटची गोष्ट तालमीची. महिन्यातून एकदा मुख्य वाट बंद आहे असे समजून, सिमच्या वाटेने, घरी बसून, प्रत्येक पोर्ट उघडून पाहावा. यंत्राने आपले नाव स्वच्छ अक्षरांत सांगितले तरच खूण करावी. आणि यंत्र बदलले की पेटीतली पाच कलमे पडताळल्याखेरीज ते काम पुरे झाले असे म्हणू नये.

हजेरीपट

इथवर ऐकून कोणी म्हणेल, “मग तर झाले. पोरे घरी बसून काम करतील. युनियनचा प्रश्न मिटला.” तो मिटत नाही, त्याचे रूप बदलते. पूर्वी रात्री जावे लागे, म्हणून निदान ‘गेलो होतो’ असे म्हणता येई. आता फोन येतो: “पाच मिनिटांचे काम आहे, घरूनच करून टाक.” रात्री तीनदा झोपमोड होते, सकाळी पुन्हा आठची पाळी असते आणि हजेरीपटावर त्याची एक रेघही उमटत नाही. दार घरापर्यंत आले म्हणजे कारखानाही घरापर्यंत येतो.

ह्यावर उपाय त्याच पेटीत आहे. चांगला कन्सोल सर्व्हर कोण, कोणत्या पोर्टावर, किती वाजता आला, काय टाइप झाले आणि केव्हा गेला ह्याची नोंद ठेवू शकतो. मालक ही नोंद चूक पकडण्यासाठी ठेवतो, ठेवावी. पण तीच नोंद कामगाराचा हजेरीपट आहे. मात्र त्याला एक अट आहे. प्रत्येकाचे खाते वेगळे पाहिजे. दहाजण एकाच ‘अॅडमिन’ नावाने शिरत असतील, तर केलेले काम कोणाचेच राहत नाही आणि झालेली चूक सर्वांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात पडते. स्वतंत्र खाते ही सुरक्षेची गोष्ट आहे असे इंजिनियर सांगतात. मी सांगतो, ती इज्जतीची गोष्ट आहे.

त्या अपघातानंतर आम्ही त्या कंत्राटदारापुढे चार मागण्या ठेवल्या: प्रत्येकाला स्वतंत्र खाते, दरमहा पोर्टांची तालीम, पेटीतल्या नोंदीप्रमाणे रात्रीच्या कामाचे पैसे, आणि रात्री काम पडले तर सकाळच्या पाळीत सूट. पहिल्या दोन ताबडतोब मान्य झाल्या, कारण त्यांत मालकाचाही फायदा होता. तिसरीसाठी पाच महिने भांडावे लागले. शेवटी आम्ही नोंदीचे कागदच टेबलावर ठेवले. एका पोराने एका महिन्यात अकरा रात्री काम केले होते. त्या कागदाला उत्तर नव्हते. चौथीसाठी अजून भांडतो आहोत.

पाय मोडलेला तो मुलगा आता चालतो, थोडा लंगडतो. त्याने तालमीचे काम स्वतः मागून घेतले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो घरी बसून एकेक पोर्ट उघडतो आणि मला निरोप पाठवतो. मागच्या महिन्यात त्याने लिहिले होते, “काका, अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस बोलले. एकाची तार सैल होती. दिवसाउजेडी जाऊन बसवून आलो.”

‘दिवसाउजेडी’ हा शब्द वाचून मला बरे वाटले.